यमुनाच्या लेकीचं रुखवत

यमुना सुताराच्या लेकीच्या लग्नाला मी पैठणी नेसून गेले होते. तशी काही गरज नव्हती. कार्यालय साधं, महिना मे, पंखे नुसता आवाज करत होते आणि मी त्या पैठणीत शिजून निघत होते. पण यमुना माझ्याकडे कामाला, मी तिची मालकीण, आणि मालकीणबाई आल्यात हे दारातच लोकांना कळलं पाहिजे, असा माझा त्या काळातला सरळसाधा विचार होता. कळलंही. मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, सरबताचा पेला हातात दिला, आणि मी ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांकडे बघून मान डोलावत बसले.

अक्षता पडल्या, पंगती बसायला लागल्या आणि बायका नेहमीप्रमाणे रुखवताच्या टेबलाशी गोळा झाल्या. मीही उठले. टेबलावर सुपाऱ्यांची वरात मांडली होती, चाळीसेक माणसांची. नवरदेव घोड्यावर, घोडा खारकांचा. वाजंत्र्यांचे गाल फुगलेले. भटजी उपरण्यानं घाम पुसतोय. आणि सगळ्यात मागे, चष्मा लावलेली, हात कमरेवर ठेवून रुसलेली एक जाडजूड करवली. एवढ्याएवढ्या सुपारीवर रुसवा कसा उमटवला असेल, देव जाणे. पुढे पुठ्ठ्याची पाटी, जरा तिरक्या अक्षरात: चि. सौ. कां. सारिका व तिची आई यांनी स्वहस्ते तयार केलेले.

नवऱ्या मुलाची आत्या, अंगानं भरलेली, जाड काचांचा चष्मा लावलेली बाई, वरातीवर वाकून बघत होती. बघता बघता सरळ झाली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावजयीला, म्हणजे यमुनाच्या विहीणबाईंना, म्हणाली की ही असली वरात मी ओळखते, माझ्या जावेच्या भाचीच्या लग्नात अगदी अशीच होती. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तुमच्याकडचीच ना ही?"

प्रश्न अगदी साधा होता. पण मी काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी माझा धंदा काय होता ते सांगायला हवं, नाहीतर मी जेवढी मूर्ख होते त्यापेक्षा कमी वाटेन.

माझा धंदा रुखवतं बनवून विकायचा. कराडात त्या वेळी असला धंदा माझा एकटीचाच होता, आणि जगात बहुतेक हा एकच धंदा असेल ज्याची जाहिरात केली की माल खोटा ठरतो. रुखवत हे नवरीनं आणि नवरीच्या आईनं हातानं करायचं असतं. ते विकत आणलंय असं कळलं तर त्याला काय अर्थ राहिला? म्हणून माझ्या दारावरच्या फलकावर 'हेमलता कलाकेंद्र, शिवण व भरतकाम' असं लिहिलेलं होतं, आणि त्या घरात कुणी कधी सुईत दोरा ओवलेला मला आठवत नाही. तयार माल कांद्याच्या पोत्यात घालून रिक्षानं जायचा. माझ्याकडच्या बायकांना सक्त ताकीद होती की बाजारात गिऱ्हाईक दिसलं तर ओळख दाखवायची नाही, आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या लग्नाला तर अजिबात जायचं नाही. त्या सात वर्षांत आमच्या भागातून जेवढ्या मुली 'स्वहस्ते' कलाकुसर करून सासरी गेल्या, त्यांतल्या निम्म्यांना अडकित्ता कुठल्या बाजूनं धरायचा हे माहीत नव्हतं.

पाच बायका होत्या माझ्याकडे. सगळ्यांत हुशार यमुना. नवरा सुतारकाम करायचा, आणि त्याच्या हातातलं निम्मं कसब हिच्या हातात कुठून आलं होतं कोण जाणे. सुपारी हातात घेतली की आधी ती फिरवून फिरवून बघायची, आणि मग म्हणायची, हा भटजी नाही, हा मामा आहे. मी धंदा सुरू केला तेव्हा एक मोर केला होता, बहिणीच्या लग्नात, मण्यांचा. त्यानंतर मी कशालाही हात लावला नव्हता. मी ऑर्डरी घ्यायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची आणि शेवटी पाटी लिहायची. माझं अक्षर मोत्यासारखं होतं. म्हणजे त्या सगळ्या पसाऱ्यात 'स्वहस्ते' हा शब्द तेवढा मी स्वहस्ते केलेला असायचा.

आणि मालकीण म्हणून माझं माझ्याबद्दलचं मत काय विचारता! पगार वेळेवर, चहा दोनदा, उन्हाळ्यात पंखा, दिवाळीला साडी. महिला मंडळात माझं भाषणही झालं होतं. विषय होता, 'आपल्या हाताखालच्या भगिनी'. विषयातच काय ते कळायला हवं होतं, पण मला टाळ्या ऐकू आल्या.

सारिकाचं लग्न ठरलं तेव्हा यमुनानं मला विचारलं होतं की संध्याकाळी काम संपल्यावर मागच्या पडवीत बसू का, पोरीचं रुखवत करायचंय. मी मोठ्या मनानं हो म्हटलं. संक्रांतीपासून मायलेकी रोज तिथं बसायच्या. सारिका कापडाच्या दुकानात कामाला होती, ती तिकडून थेट यायची. सुपाऱ्या यमुनानं स्वतः आणल्या, खारका स्वतः आणल्या. उरलेसुरले मणी आणि निम्मी भरलेली गोंदाची बाटली मात्र मी दिली, आणि त्यावर मी चार महिने मनातल्या मनात खूश होते. पडवी माझी, मणी माझे, गोंद माझा, असं होता होता ती वरातही माझीच आहे असं मला कधी वाटायला लागलं ते माझं मलाच समजलं नाही.

तर आत्याबाईंनी विचारलं, तुमच्याकडचीच ना. आणि मी पदर सावरून म्हटलं, "आमच्याचकडची. असलं काम दुसरं कोण करणार?"

टेबलाच्या पलीकडे यमुना विड्यांचं तबक घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी अजून काहीतरी बोलणार आहे आणि ते ऐकायला थांबलंय माणूस, तसं बघितलं. पुढचं वाक्य मला माहीत होतं, की माझ्याकडच्या बाईनं ही आपल्या लेकीसाठी खरोखर हातानं केलीय. पण ते बोलायचं म्हणजे बाकीच्या वराती कोण करतं तेही आलंच. आणि त्या घोळक्यात माझी तीन जुनी गिऱ्हाइकं उभी होती. तिघींचे चेहरे पार उतरले होते. मी हसले. उकडतंय नाही का, असं काहीतरी म्हणाले, आणि जेवायला गेले. मठ्ठा छान झाला होता, दोन वाट्या प्यायले.

विहीणबाईंनी पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि "बरं" म्हणाल्या. एवढंच.

यमुनानं चार दिवसांची रजा घेतली होती. पाचव्या दिवशी ती आली नाही, सहाव्या दिवशीही नाही. आणि माझ्याकडे तर तेव्हा आजवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर होती. एका बड्या कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न, अख्खी वरात, शिवाय हत्ती. सातव्या दिवशी मी शबानाला विचारलं. शबाना आमच्यात सगळ्यांत लहान, कधी तोंड वर करून बोलायची नाही. ती खालमानेनं गोंद ढवळत म्हणाली, "यमुनाताई येणार नाहीत." मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. सारिका मांडवपरतणीला आली ती रडतच आली. सासरी पहिल्याच दिवशी तिच्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसला होता. तिनं आमटी केली तर सासू विचारायची, ही पण विकतची का. दुकानात कामाला होते म्हणाली तर नणंद म्हणाली, खरंच का.

हे ऐकून माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हत्तीचा. हत्ती आता कोण करणार. हे सांगायला लाज वाटते, पण आता खोटं कुठल्या तोंडानं सांगू.

त्या दुपारी मी स्वतः करून बघायला बसले. मला वाटलं, सात वर्षं बघतेय, एक भटजी काय जमणार नाही? दोन तासांनी भटजीचं नाक हनुवटीवर होतं, शेंडी माझ्या बोटाला चिकटली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर भाव असा होता की कुणीतरी त्याला डॉक्टरकडे न्यावं. शबानानं त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

संध्याकाळी पेढे आणि एक साडी घेऊन मी यमुनाच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. उठली, पाणी दिलं, पुन्हा निवडायला बसली. मी बोलत राहिले. पगार वाढवते म्हटलं, तुला सगळ्यांची मुख्य करते म्हटलं, रविवारची अर्धी सुट्टी पूर्ण करते म्हटलं. ती खडे काढत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "पगाराचं मी बोललेच न्हाई."

"मग काय हवंय तुला? सांग तरी."

"चार बायकांत तुम्ही बोललात. चार बायकांत ते परत घ्या. माझ्या पोरीच्या सासरी जाऊन."

मी म्हटलं, अगं एवढ्या लांब कशाला, मी विहीणबाईंना पत्र लिहून देते, सविस्तर, छान अक्षरात.

"पत्र नको," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरातलं लई वाचलंय लोकांनी."

पेढे तिनं ठेवून घेतले, साडी परत दिली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांचं म्हणणं असं की रुखवत कुठून येतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, ते फक्त बोलायचं नसतं, आणि तू बोललीस की धंदा बसलाच म्हणून समज. अगदी खरं होतं ते. म्हणून तर मी तीन दिवस डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. शेवटी गेले ते काय सगळं मनाच्या मोठेपणानं गेले नाही. निम्मी त्या पोरीसाठी गेले आणि निम्मी हत्तीसाठी. कुठली निम्मी मोठी होती ते विचारू नका.

वटपौर्णिमेचा दिवस यमुनानं मुद्दाम निवडला होता. सारिकाची पहिली वटपौर्णिमा, पूजा करून बायका घरी येणार, म्हणजे चार म्हणता म्हणता वीस. गाव मसूरच्या पुढे. एसटीत यमुना खिडकीशी बसली आणि सगळी वाट बाहेर बघत राहिली. मी मनात भाषणाची तयारी करत होते.

सोप्यात सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आत्याबाईही होत्या, उशीला टेकून. सारिका हिरव्या साडीत चहाचे कप फिरवत होती. तिनं आईला बघितलं, मला बघितलं आणि ट्रे घेऊन ती दाराशी जाऊन उभी राहिली. विहीणबाईंनी बसा म्हटलं, पण त्यात काही ओल नव्हती. मी उभीच राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "भगिनींनो."

यमुनानं डोळे मिटून घेतले.

मग माझं भाषण संपलं. तयारी केलेलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, "लग्नात ती वरात होती ना सुपाऱ्यांची, ती माझ्याकडची नव्हती. सारिकानं आणि तिच्या आईनं केलीय. चार महिने रोज संध्याकाळी बसून. मी डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी मी खोटं बोलले."

विहीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "का वं?" त्यांनी विचारलं. "आमी काय वाकडं केलंतं तुमचं?"

"काही नाही. तोंडातून गेलं. कौतुक चाललं होतं, मला वाटलं माझंच चाललंय."

कुणीतरी पदराआड हसलं. आत्याबाई म्हणाल्या की असं कसं, हुबेहूब असलीच वरात तुमच्याकडं मिळते हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. विहीणबाईंनी एकदा नणंदेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ती मिळती ती कोन करतं?"

"यमुनाच करते."

"समदी?"

"सगळ्या."

"आन् मग तुमी काय करता?"

बाई चेष्टा करत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधायला लागले. ऑर्डरी घेते म्हणावं, तर कुणाच्या घेते हा प्रश्न आला असता. माल पुरवते म्हणावं, तर सुपारी काय कुणीही आणतं. पैठणी असती तर निदान पदराशी चाळा तरी केला असता. वीस बायका बघत होत्या.

"मी पाट्या लिहिते," मी म्हणाले.

त्या बायका ज्या हसल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. एकीला ठसका लागला, तिला पाणी आणावं लागलं. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फक्त यमुना हसली नाही, आणि सारिका. ती आईकडे बघत दाराशी उभी होती.

हसणं ओसरल्यावर विहीणबाईंनी सुनेला माळ्यावरचा खोका काढायला सांगितलं. खोका उघडून त्या एकेक माणूस बाहेर काढून सतरंजीवर मांडायला लागल्या, आणि आता पहिल्यांदाच नीट बघायला लागल्या. घोडा बघितला, वाजंत्री बघितले. शेवटची ती चष्म्यातली रुसलेली करवली हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ धरली. मग ती आत्याबाईंच्या तोंडाशेजारी नेऊन धरली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "ह्या तर आमच्या वन्सं."

सुपारी हातोहात फिरली. साखरपुड्याला आत्याबाई साडी पसंत पडली नाही म्हणून रुसून बसल्या होत्या, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. ते सारिकानं बघून ठेवलं होतं आणि आईला सांगून तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. कार्यालयात आत्याबाई वाकून वाकून बघून गेल्या, ओळखते म्हणाल्या, आणि स्वतःला तेवढं ओळखलं नाही. आता त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि चहा गार झाला म्हणून आत निघून गेल्या.

विहीणबाईंनी ती वरात टीव्हीवरच्या फडताळात मांडायला लावली. मग सारिकाचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि जमलेल्या बायकांना, जणू त्या आत्ताच आल्यात अशा आवाजात, म्हणाल्या, "माज्या सुनेनं केलीया. आन् आमच्या इहीणबाईंनी. बघा जरा जवळ येऊन."

यमुनानं तोंडाला पदर लावला. सात वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

ही बातमी आमच्या एसटीच्या आधी कराडात पोचली. कंत्राटदारीणबाईंनी त्याच आठवड्यात ऑर्डर रद्द केली, हत्तीसकट, आणि पुढची दोन वर्षं ह्यांच्या पगारावर काढावी लागली. ह्यांनी 'मी म्हटलं नव्हतं का' हे फक्त एकदा म्हटलं, हा त्यांचा चांगुलपणा. आज सतरा वर्षांनी पुन्हा बरं चाललंय. धंद्यात यमुनाची माझ्याइतकीच भागीदारी आहे, आणि प्रत्येक रुखवतासोबत करणाऱ्या बायकांची नावं लिहिलेली पाटी जाते. नवऱ्या मुलींच्या आया ती पाटी टेबलाखाली सरकवतात, ते आम्हाला माहीत आहे. तरी आम्ही देतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी जेवून आम्ही दोघी फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. माझ्या मनात चांगलंच गोड-गोड झालं होतं. एवढ्या बायकांत नाक कापून घेतलं, म्हणजे आता यमुना आभार मानणार, कदाचित पाया पडेल, मग मी तिला उठवीन, असं सगळं मी ठरवूनही टाकलं होतं. यमुना शेंगा सोलत होती. शेवटी मीच विचारलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? येतेस ना उद्यापासून?"

"येते की. काम आवडतं मला."

मग तिनं टरफलं झाडली आणि माझ्याकडे वळून बघितलं. कार्यालयात टेबलापलीकडून बघितलं होतं तसंच.

"तुम्ही आज आलात, ताई, ते मी विसरायची न्हाई. पण खरं बोलायला तुम्हाला इतकी वाट तुडवायला लागली. खोटं तुम्ही उभ्या उभ्या बोलला होतात."

एसटी यायला अजून वेळ होता. तिनं शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली, आणि मी शेंगा सोलायला लागले.